ग्विलिमचं गुळगुळीत नाणं

थॉर्नबीच्या आमच्या नाणेमंडळात सगळ्यांना एकच रोग आहे. झिजून सपाट झालेल्या तांब्याच्या चकतीकडे फार वेळ पाहिलं, की तिच्यात सम्राट दिसायला लागतो. आधी नाक दिसतं, मग हनुवटी, आणि मग माणूस शेजाऱ्याला कोपरानं ढोसून विचारतो, "दिसलं ना?" शेजारी बिचारा "हो की, स्पष्ट!" म्हणतो, कारण थोड्या वेळानं त्यालाही स्वतःची चकती दाखवायची असते.

दर ऑक्टोबरात आम्ही न धुतलेल्या रोमन नाण्यांची एक पिशवी विकत घेतो. आसपासच्या शेतांत धातू शोधायची यंत्रं फिरवणाऱ्यांना सापडलेला, मातीनं बरबटलेला उरलासुरला माल. त्यातलं एकेक नाणं पाकिटात घालून वाटण्याचं काम माझं. हिवाळाभर ज्यानं त्यानं आपलं नाणं भिजवायचं, सुईनं माती कोरून काढायची आणि मार्चच्या सभेत उभं राहून सम्राटाचं नाव सांगायचं. बरोबर की चूक ते डॉक्टर हम्फ्री ठरवतात, किंमतही तेच सांगतात. ते दातांचे डॉक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दवाखान्यातल्या सगळ्या सुया मंडळाला देऊन टाकल्या. माझ्या अक्कलदाढेत शिरलेली सुई आता कुणाकडे आहे, हे मी विचारत नाही.

गेल्या सप्टेंबरात सभा संपल्यावर ग्विलिम प्रॉसर माझ्याबरोबर कपबश्या पुसत होता. हा मूळचा वेल्सचा, आयुष्यभर गावातली बस चालवलेला, उंचच उंच आणि बोलायला महासंथ. पुसता पुसता म्हणाला,

"हेस्टर, माझ्याशी लग्न करशील?"

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे. विचारायच्या आधी तपासून घेतलं."

आता सरळ हो किंवा नाही म्हणायचं की नाही? पण मला विधवा होऊन बरीच वर्षं झालेली, घर माझं, मांजर माझं, रेडिओ माझ्या मर्जीनं चालतो. ते सोडवेना, आणि या माणसाला तोडून बोलवेना. त्यात दारात मंडळातली मेव्हिस केकचं ताट घेऊन कान टवकारून उभी. गावातली एकही बातमी तिच्या तोंडून निसटल्याशिवाय शिळी होत नाही. तिला बघून मला चेव आला.

"यंदा मी देईन त्या नाण्याचा सम्राट ओळखून दाखव," मी म्हटलं. "ओळखलास, तर करते लग्न."

ऑक्टोबरात मी अख्खी पिशवी टेबलावर ओतली आणि त्यातलं सगळ्यात गुळगुळीत नाणं शोधून ग्विलिमच्या पाकिटात घातलं. मुद्दाम घातलं. म्हटलं, कुणाचं मन न दुखवता विषय मिटेल.

विषय कसला मिटतोय! माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड चांगला येतो, म्हणून दर गुरुवारी स्वारी हजर. एका हातात नाणं भिजत घातलेली बाटली, दुसऱ्या हातात बागेतल्या कांद्याच्या पातीची जुडी. मी सूप ढवळायची आणि तो नाणं तिरप्या उजेडात धरून बसायचा. आमच्या मंडळातला दुसरा कुणी असता तर तासाभरात तीन सम्राट काढले असते. हा एकदाही "दिसलं" म्हणाला नाही. ख्रिसमस उलटून गेला आणि त्यानं दार ठोकायच्या आधीच मी दोन कप मांडून ठेवायला लागले. फेब्रुवारीत एकदा हिमामुळे तो आला नाही, तर मी दिवसभर मांजरावर खेकसत होते. तेव्हा मला कळलं की त्यानं जिंकावं असं मला वाटतंय. अगदी जीव तोडून वाटतंय.

तसं त्याला सांगून टाकता आलं असतं. पण गावभर झालेली अट मागे घ्यायची म्हणजे मेव्हिसपुढे मान खाली घालायची. ते माझ्याच्यानं होईना. मी आपली दिवा पुढे सरकवत राहिले आणि त्या मेल्या नाण्याकडे डोळे वटारत राहिले.

मार्चच्या सभेला चर्चचा हॉल गच्च भरला. ज्यांना नाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तेही आले होते. मेव्हिसनं लग्नात कापतात तसा पांढऱ्या साखरेचा तीन मजली केक आणला होता.

"हे काय गं?" मी विचारलं.

"केक आहे. आता पांढऱ्या केकलाही तुझी परवानगी लागते का?"

पहिलं नाणं तिचंच होतं. मागच्या बाजूला दोन शिपाई उभे, मध्ये एक निशाण. डॉक्टर म्हणाले, "निशाण एकच, म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या घराण्यातलं, शेवटाकडचं. दोन पौंड."

"दोनच? एवढं घासलंय मी त्याला!"

"घासलं नसतंस तर चार म्हणालो असतो."

मग ग्विलिमचं नाव पुकारलं. रीतीप्रमाणे आधी सभासदानं नाव सांगायचं आणि मग डॉक्टरांनी निकाल द्यायचा. पण डॉक्टरांनी नाणं त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं, भिंग लावलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"हा बघा," ते म्हणाले, "डोक्यावर काटा आहे. मुकुटाचा किरण. एवढंसं नाणं, काटेरी मुकुट, आणि आपला भाग. मी तर टेट्रिकस म्हणेन, तोच तेव्हा इथला सम्राट. काय ग्विलिम, तुझंही उत्तर टेट्रिकसच ना?" आणि या माणसानं चक्क डोळा मारला. यांनी आजवर कुणाला संशयाचा फायदा म्हणून दिला नव्हता!

टाळ्या सुरू झाल्या. मेव्हिसनं केकची सुरी उचलली. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

ग्विलिम उभाच होता. टाळ्या थांबेपर्यंत थांबला.

"डॉक्टर, तो किरण नाही," तो म्हणाला. "जानेवारीत माझा हात घसरला. सुईचा ओरखडा आहे तो."

"मला जुना वाटतोय," डॉक्टर हट्टानं म्हणाले.

"नाणं तिरपं धरून बघा. आतलं तांबं ताजं आहे."

डॉक्टरांनी तिरपं धरलं. त्यांचा चेहराच पडला. "मग तुझं उत्तर काय?"

"सांगता येत नाही. सगळं झिजून गेलंय."

मेव्हिसनं सुरी खाली ठेवली. डॉक्टर खाकरले आणि मान खाली घालून म्हणाले, "ओळख नाही. किंमत दहा पेन्स."

"अरे गाढवा!" कुणीतरी ओरडलं. ती मीच होते. "नुसतं हो म्हणायचं होतंस!"

"म्हटलं असतं," तो म्हणाला. "पण मग रोज तुझ्यासमोर बसून चहा कसा प्यायलो असतो?"

माझा रेगी चांगला नवरा होता. पण "माहीत नाही" हे शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नाहीत. रस्ता चुकला तरी हाच रस्ता बरोबर. छत गळत असलं तरी गळत नाही. छातीत दुखायला लागलं तेव्हाही, काही नाही गं, अपचन झालंय, नक्की. इतक्या खात्रीनं म्हणाला की मी त्याला सोडा दिला आणि झोपायला गेले. खात्रीनं बोलणाऱ्या माणसांची मला तेव्हापासून भीती वाटते, आणि ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोलले नव्हते.

मी उठले.

"अट माझी होती," मी म्हटलं. "मी मागे घेते."

"मागे ऐकू येत नाहीये!" मेव्हिस ओरडली.

"मागे घेते म्हटलं! चूक माझी. ऐकलंस आता? ग्विलिम प्रॉसर, तू माझ्याशी लग्न करशील का?"

त्यानं मान जराशी कलती केली आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याला घाई म्हणून माहीतच नाही.

"करीन," तो म्हणाला.

"खात्री आहे?"

"याची आहे."