माझे शून्य चुकले तेव्हा

मी एक जुनी काचेची नळी आहे. लांबीला वीतभर, मधोमध खाली झुकलेली, आत तेल आणि तेलात एक काळी गोळी. मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, हे कसले खेळणे? खुशाल म्हणा. पण हमरस्त्यांवरच्या कितीतरी वळणांपाशी वेगाचा जो आकडा तुम्ही वाचता, तो मी सांगितलेला आहे. याचा मला चांगलाच तोरा होता. तो कसा उतरला, तेच आज सांगायचे आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. काचकाम करणाऱ्या एका बाईने मला ज्योतीवर तापवून हलक्या हाताने वाकवले. मध्यावर तिने शून्य कोरले आणि दोन्ही बाजूंना वीस-वीस रेघा. माझ्याआधीच्या तीन नळ्या तिने एक रेघ केसभर सरकली म्हणून फोडून टाकल्या होत्या. मी वाचले.

माझे काम सोपे. मला जीपमध्ये समोरच्या काचेखाली बसवतात. गाडी सपाट जागी उभी असली की गोळी शून्यावर राहते. गाडी वळली की ती वळणाच्या बाहेरच्या बाजूला पळते, बसमध्ये तुम्ही शेजाऱ्याच्या अंगावर कलंडता तशी. या ओढीला आवर घालायलाच रस्त्याची बाहेरची कड थोडी उचललेली असते. एकाच वळणावरून वेग वाढवत पुन्हा पुन्हा जायचे. गोळी दहाव्या रेघेच्या आत राहिली तर तो वेग चालेल, पुढे गेली तर नाही. मग आकडा पाटीवर जातो.

मला बसवणाऱ्या इंजिनिअर बाई आणि जीप चालवणारे ड्रायव्हर काका यांच्याबरोबर मी बावीस वर्षे काढली. काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "मॅडम, हिच्यापुढे आपली डाळ शिजत नाही. जरा जोरात घेतली की लगेच चुगली करते!" हे कौतुक मला फार आवडे.

काकांची लेक दुधाचा टँकर चालवायची. तिला काकांनीच शिकवले होते आणि दोन नियम घालून दिले होते. पाटीवरच्या आकड्यापलीकडे काटा जाऊ द्यायचा नाही आणि गाडी चालवताना फोन उचलायचा नाही. लेक वडिलांचा शब्द खाली पडू देत नसे. रोज सकाळी टँकर आणि जीप समोरासमोर आली की दोघे दिवे उघडझाप करत, हॉर्न देत आणि आपापल्या वाटेने जात.

एका वर्षी आमच्या रोजच्या वाटेवरचा जुना खडबडीत, नागमोडी रस्ता काढून तिथे नवा झाला. चार किलोमीटर अगदी सरळ, गुळगुळीत. पण शेवटी खाणीचा डोंगर आडवा होता, म्हणून तिथले डावे वळण जुनेच राहिले. पूर्वी खड्ड्यांमुळे तिथे कोणी वेगाने पोहोचतच नव्हते. आता सरळ रस्त्यावर पाय आपोआप जड होणार, हे उघड होते.

मोजणीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाट्या लागल्याच पाहिजेत, असा वरून तगादा होता. सकाळी काका म्हणाले, "मॅडम, हिला गाड्यांच्या शेडखाली सावलीत बसवून घ्या. उन्हात डोकं फिरेल." शेडखालची जमीन पाणी वाहून जावे म्हणून उतरती केलेली होती. त्यामुळे गोळी एका बाजूला सरकली होती; बाईंनी घाईघाईने मला फिरवून शून्य गोळीखाली आणले आणि स्क्रू आवळले. जमिनीकडे कोणीच पाहिले नाही. मी दिवसभर इमानाने मोजत राहिले, पण माझे शून्यच खोटे होते.

त्या दिवशी एकाच दिशेने मोजणी झाली आणि संध्याकाळी त्या बाजूच्या पाट्या लागल्या. खाणीच्या वळणावर साठच्या वेगाला गोळी नवव्या रेघेवर थांबली होती, म्हणून तिथे पाटी साठची.

दुसऱ्या दिवशी उलट दिशेची मोजणी आम्ही खाणीपासून सुरू केली. खाणीचे वळण, काटा साठवर. माझी गोळी सतराव्या रेघेवर जाऊन आदळली. टायर किंचाळले. काकांनी पुढच्या सपाट पुलावर जीप थांबवली. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. गाडी उभी होती, तरी गोळी शून्यापासून चार रेघा लांब होती.

"काका, काल ही बसवली तेव्हा गाडी कुठे होती?"

"शेडखाली."

बाईंचा चेहरा उतरला. "काल चारने कमी, नऊ; आज चारने जास्त, सतरा. म्हणजे खरे तेरा. साठला तेरा, काका! आणि आपण पाटी साठची लावलीय."

काकांनी घड्याळ पाहिले. पावणेदहा. निम्मे दूध वाटेत उतरवून टँकर याच वेळी इथून जायचा, आणि अर्ध्या टाकीतले दूध वळणावर सगळे एका कुशीला धावते. काकांनी फोन लावला. तो वाजत राहिला. लेक नियम पाळत होती.

जीप सुटली. दोन किलोमीटरवर समोरून टँकर दिसला. काकांनी दिवे उघडझाप केले, हात बाहेर काढून हलवला. लेकीनेही दिवे उघडझाप केले, दोनदा हॉर्न दिला आणि हसत निघून गेली.

जीप रस्त्यातच गर्रकन वळली.

"काका, शंभरच्या वर गेलाय काटा!"

"आत्ता बोलू नका, मॅडम."

माझी काच थरथरत होती. टँकरची पाठ जवळ येत होती आणि त्यापलीकडे डोंगरही. साठची पाटी दिसू लागली तेव्हा काकांनी टँकरला मागे टाकले, पुढे घुसले आणि वेग उतरवत नेला. पन्नास. चाळीस. तीस. बाई खिडकीतून लाल फडके हलवत होत्या. मागे हॉर्न कोकलत होता. काकांचे डोळे आरशातच होते. टँकर किंचित झुकला, सावरला आणि वळणापलीकडे आला.

लेक तणतणत उतरली. "बाबा, वळणावर असं पुढे घुसतात? तुम्हीच शिकवलंत ना मला?"

काकांनी मागच्या पाटीकडे हात केला. बाईच म्हणाल्या, "पाटी चुकलीय. चूक माझी आहे."

"आमची," काका म्हणाले.

लेकीने मागे वळून पाटीच्या दिशेने पाहिले. "मी बरोबर साठने जाणार होते." मग तिचा आवाज बदलला. "बाबा, माझ्यासाठी तुम्ही धावलात. माझ्यामागून येतायत त्यांच्यासाठी कोण धावणार? अजून किती पाट्या लावल्यात अशा?"

डाव्या वळणांवरच मी कमी दाखवले होते, आणि तशा आणखी चार पाट्या होत्या. खाणीपाशी लाल फडके घेऊन लेक उभी राहिली, दूध उन्हात राहिले. बाईंनी कचेरीला कळवले आणि जीप पुढच्या वळणांकडे धावली. तीन पाट्या वेळेत उतरल्या. चौथ्या वळणावर भाजीचा टेम्पो आडवा पडला होता. चालक कडेला बसला होता, मोडलेला हात पोटाशी धरून. काका जवळ जाताच तो कळवळून म्हणाला, "साठच होता हो माझा वेग. पाटी बघा हवी तर."

काकांनी मान खाली घातली. बाई रडल्या. आणि मी, जिला लोक चुगलखोर म्हणत, माझे खोटे शून्य घेऊन तिथेच जीपमध्ये होते.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी माझ्यासारखीला गाडीत बसवेल. तेव्हा आधी खालची जमीन बघा. एका दिशेने मोजलेत तर उलट दिशेनेही येऊन बघा, वरून कितीही घाई असो. पाटी न मानणाऱ्यांचे आम्ही काय करणार? पण जो आमच्यावर विश्वास ठेवून तेवढ्याच वेगाने येतो, त्याचा हात तरी आमच्यामुळे मोडू नये.