कुसाबाईची पूड

गुळवेल आणि लसूण एकत्र कुटल्याचा वास आला की केरूला अजून ८१ साल आठवतं. त्या साली त्यानं मखमलाबादच्या मळ्यात, विहिरीशेजारी पत्र्याची शेड घालून तीनशे ब्रॉयलर पिल्लं आणली होती. गावाला कोंबडी माहीत होती ती उकिरडा उकरणारी. आठ आठवड्यांत दीड किलोची होणारी पांढरी कोंबडी बघायला रविवारी माणसं यायची.

पहिली खेप मात्र खुरटी निघाली. केरू खाद्य बदलायचं म्हणत होता, तेव्हा त्याची बायको कुसाबाई म्हणाली, "आमच्या माहेरी, पेठकडं कोंबडी मलूल झाली की गुळवेल, हळद आन् शेवग्याचा पाला देत्यात. वाळवून कुटते, खाद्यात घालून बघू."

"कुसा, ही कंपनीची पाखरं हायत. माहेरच्या पाल्यानं वाढायची व्हय?"

कुसाबाई हटली नाही. शेवटी दुसऱ्या खेपेला शेडच्या मधोमध जाळी लावली. डावीकडची पाखरं तिची, उजवीकडची त्याची.

सुरुवातीला तिचा हात सढळ पडला. गुळवेल कडू, पिल्लांनी खाद्याकडं पाठ फिरवली. केरू पोट धरून हसला. तिनं प्रमाण बदललं. गुळवेल चिमटीवर आणली, शेवगा वाढवला, वर थोडा लसूण घातला. पिल्लं पुन्हा खायला लागली.

सहाव्या आठवड्यात ती मेथी घेऊन पंचवटीच्या बाजारात गेली असताना केरूनं दोन्हीकडची पाच-पाच पाखरं धरून तागडीत घातली. तिची पाखरं सरासरी शंभर ग्रॅमनं जड भरली. त्यानं दुसरी पाच धरली. तेच. आसपास चिटपाखरू नव्हतं, तरी त्याचे कान तापले. मग फळीवरचा तिचा डबा काढून त्यानं दोन मुठी पूड आपल्या बाजूच्या खाद्यात मिसळली. पुढं रोज ती पाला आणायला गेली की तो डबा काढायचा.

"अहो, पूड लय लवकर सरतीय," ती एकदा म्हणाली.

"उंदीर असतील," तो म्हणाला.

वजनाच्या दिवशी पंचवटीचा व्यापारी मल्हारी आला. दोन्हीकडची पाखरं जवळजवळ सारखीच भरली. "यंदा सगळाच माल भरलाय की, केरूभाऊ!" मल्हारी खूश होऊन गेला. कुसाबाईनं मात्र डबा उचलला आणि उकिरड्यावर पालथा केला.

"तुमचंच खरं झालं. आठ आठवडे उगाच कुटत बसले."

तिच्या हळदीनं पिवळ्या पडलेल्या बोटांकडं बघून केरूला राहवेना. "कुसा, ते उंदीर... मीच व्हतो."

तिला आधी कळलंच नाही. त्यानं तागडीपासून सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं ती हसेल. तिचे डोळे भरून आले. "मला वाटलं, आईनं शिकवलेलं सगळंच खोटं," एवढंच म्हणून ती आत गेली. दोन दिवस ती फक्त दारातल्या गावठी कोंबड्यांशी बोलली.

तिसऱ्या दिवशी चहा पुढ्यात ठेवत म्हणाली, "आता जाळी काढायची. आन् पाला तुम्ही तोडायचा."

पुढं सहा वर्षं केरूनं पाला तोडला. मातोरी-दरी गावांकडच्या बायका कुसाबाईला प्रमाण विचारायला यायच्या. ती चिमूट धरून दाखवायची आणि तो कौतुकानं बघत बसायचा. मग हातभर जागाही उरू नये अशी घरं मळ्याला येऊन भिडली, लोक वासाची तक्रार करू लागले आणि शेड काढावी लागली.

त्याला आठवतात त्या वर्षांतल्या दुपारी. ती खलबत्त्यात कुटतेय, तो समोर बसून शेवग्याची पानं ओरबाडतोय, आत पिल्लांचा चिवचिवाट चाललाय. लग्नाला वीस वर्षं झाली होती. पण माहेरचं, आईचं, डोंगरातल्या तिच्या लहानपणाचं ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली, ते त्या दुपारींतच.