पिवळे खाने किती, ते आधी सांगा

अरे ऐक ना, आधी ऐक, मग हस! आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, मला हाकलायची धमकी आलीय. हो, मलाच!

मी एक ॲड-इन बोलतोय. स्प्रेडशीटच्या वरच्या पट्टीत, उजव्या टोकाला ते छोटं हिरवं बटण असतं ना, "माहिती भरा"वालं? तो मी. शीटमधली यादी उचलायची आणि दुसऱ्या ॲपमध्ये नेऊन ठेवायची, एवढंच माझं काम. हमाल म्हण हवं तर. पण हमालसुद्धा विचारतोच की, यात काचसामान आहे का?

मला एका बाईंनी घडवलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत. मी त्यांना आई म्हणतो. त्यांना माहीत नाहीये. आईने माझ्यासोबत एक पान दिलं, मला काय लागतं आणि काय जमत नाही याचं. शीर्षकाची ओळ एकच हवी. दोन खाने जोडून एक करू नका. तारखा एकाच पद्धतीने लिहा. आणि शेवटी ठळक अक्षरात: रंग याला नेता येत नाहीत.

लपवलं का आम्ही काही? पण ते पान कोणी उघडेल तर शपथ. माणसं वाचत नाहीत रे, "हो" दाबतात. समोर काहीही येऊ दे, हो!

माझं पहिलं काम एका रोपवाटिकेत. मालकाने निवडुंगांच्या ओळी लाल केलेल्या, म्हणजे यांना पाणी नको. मी ओळी नेल्या, लाल मागे राहिलं. महिनाभर निवडुंगांना रोज पाणी! सगळे कुजले आणि शिव्या मला. मग आईने चौकट टाकली: "रंग जाणार नाहीत, चालेल?" लोकांनी "हो" दाबलं. आई अशी भडकली, तिने ते "हो"चं बटणच उडवलं. आता रंगीत खाना दिसला की मी अडून बसतो आणि विचारतो, रंगवलेले खाने किती? आकडा टाका, मगच पुढे. मला मोजता येतात, पण सांगणार नाही. तुम्ही बघा.

तर आज. पोहण्याचा तलाव, त्याचं ऑफिस, क्लोरीनचा वास. मॅनेजर साठीपुढच्या बॅचची यादी नव्या ॲपमध्ये भरत होते. ॲप आपोआप गट पाडतं: ज्यांना दोन महिने झाले, ते सगळे उद्यापासून खोल बाजूला. यादीत पिवळे खाने दिसले, मी अडलो. किती?

"हे काय मास्तर आहे का, पाढे विचारायला?" मॅनेजर वैतागले. त्यांनी पाच टाकले. चूक. आठ टाकले. चूक. मग खिडकीतून ओरडले, "बाई! तुमच्या यादीत पिवळे किती?"

पोहायला शिकवणाऱ्या बाई निथळत आत आल्या. "सहा. का हो?"

"मशीनला पंचायत पडलीये."

"पण नव्या ॲपमध्ये पिवळं दिसेल ना?"

"रंग कशाला हवा?" म्हणत मॅनेजर सहा टाकायला लागले. बाईंनी ओला हात सरळ माउसवर ठेवला. "थांबा! पिवळे म्हणजे खोल पाण्यात न्यायचे नाहीत असे. त्यातल्या शिंपीकाकांना चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. उद्या बारा फुटात जातील ते!"

"मग तसं लिहायचं ना! रंगपंचमी कशाला?"

"काका हात जोडून म्हणाले, बाई, लिहू नका हो. माझी धाकटी बहीण याच बॅचला येते, यादी तिलाही दिसते. तिला कळलं तर मला घरी बसवेल. आठवड्यातले हेच तीन तास माझे आहेत. म्हणून नुसता रंग दिला."

बघ, किती जपलं होतं बाईंनी! आणि नेमकं तेच मला उचलता येत नाही.

मग बाईंनी आईचं पान उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी! नवा रकाना केला, सहा जणांपुढे फक्त "उथळ" लिहिलं. आजार नाही, कारण नाही. ॲपमध्ये तसा गट केला. रंग पुसला. मी एका दमात सगळं नेलं. उद्या काका छातीएवढ्या पाण्यात असतील, आणि बहिणीला कारणाचा पत्ता नसेल.

आभार? कसले आभार! मॅनेजरनी आईला फोन लावला. "तुमच्या त्या आगाऊ कार्ट्याने अर्धा तास खाल्ला. ती चौकट आजच्या आज काढा, नाहीतर आमच्या चारही तलावांवरून ॲड-इनच काढतो."

"अहो, पण त्यामुळेच तर..." आई म्हणाली.

"आता कळलं ना आम्हाला? मग काढा!"

आई म्हणाली, बघते.

आता तिने मला उघडून ठेवलंय. चौकटीच्या अकरा ओळी निवडल्यात, बोट डिलीटवर. चार तलाव म्हणजे माझं अर्धं जग आहे, ठाऊक आहे मला. तरी माफी मागणार नाही! ठेवायचं तर अडणारा ठेवा. मुकाट वाहून नेणारा हवा असेल तर मी नको.

पण माझ्या हातात काय आहे? बोट तिचं. तू सांग, आईच्या खुर्चीत बसून तू काय केलं असतंस?