ल्यूकच्या आईला

डोरीनबाईंचं पत्र मराठीत होतं, म्हणूनच कदाचित मला त्याचं उत्तर देता आलं नाही. इंग्रजीत आलं असतं तर पाळकाच्या सरावाने चार बऱ्या ओळी लिहून मी मोकळा झालो असतो. पण सिडनीजवळच्या ब्लॅकटाउनहून, रेघांच्या कागदावर, वसईच्या शाळेत गिरवलेल्या गोल अक्षरात त्यांनी विचारलं होतं: माझा ल्यूक शेवटच्या दिवसांत तुमच्याकडे आला होता का? त्याने कन्फेशन केलं का? माझ्याबद्दल काही बोलला का? तुम्ही आपल्यातले आहात असं कळलं, म्हणून लिहिते.

आपल्यातले म्हणजे मराठी. बाकी त्या कॅथलिक आणि मी लुथरन, म्हणजे प्रॉटेस्टंट. आमचं घराणं नगरकडचं. मी ॲडलेडला धर्मशास्त्र शिकायला आलो आणि टूवूंबाजवळच्या जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांच्या मंडळीत पाळक म्हणून राहून गेलो. पुढे सैन्याला चॅप्लन, म्हणजे छावणीतले पाळक, हवे होते. मला विचारलं तेव्हा नाही म्हणायला संकोच वाटला, एवढंच माझ्या सैनिकी पेशामागचं कारण. गणवेशात मी वाचनालयातून पळवून आणलेला माणूस दिसतो, असं माझी बायको सुहासिनी म्हणते.

ल्यूक आमच्या छावणीत गाड्यांचा मेकॅनिक होता. परदेशातल्या कामगिरीवरून परत आला, चार महिने नीट वागला आणि एका शनिवारी त्याने स्वतःचा जीव घेतला. त्याच्या वडिलांना ते फोनवर सांगणारा मीच होतो.

तो माझ्याकडे कन्फेशनला, पापांच्या कबुलीसाठी आला होता की नव्हता, हे मी इथेसुद्धा लिहिणार नाही. कबुलीत ऐकलेलं कधीही, माणूस गेल्यावरही, उघड करणार नाही असं वचन आमच्यात दीक्षेच्या वेळी घेतात. मग नुसतं 'आला होता' म्हणणं चालतं का? 'आला नव्हता' म्हटलं तर? मी पुस्तकं काढून बसलो. एकात एक मत, दुसऱ्यात त्याच्या उलट. वाचता वाचता महिने गेले. मग इतका उशीर झाला की उशिराचीच लाज वाटू लागली, आणि त्या लाजेत वर्षं गेली. वचन पाळत होतो की तोंड लपवत होतो, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात दुपारी फोन आला.

"फादर विश्राम ना? का पास्टर म्हणायचं? आमची डोरीन तुम्हाला बायकोवाला फादर म्हणते."

"विश्राम म्हणा," मी म्हणालो.

"मी रॉक. ल्यूकचा पप्पा."

मी खुर्ची ओढून बसलो.

"घाबरू नका हो. भांडायचं असतं तर सरळ गाडी काढून आलो असतो." ते हसले. मग ते हसणं तिथेच थांबलं. "डोरीन चर्चला, मिस्साला येत नाही. ल्यूक गेला तेव्हापासून एकदाही नाही. आमच्या फादरनी सांगितलं, लविनाने, माझ्या मुलीने सांगितलं. काही नाही. म्हणते, मला पास्टरचं उत्तर मिळालंय."

"पण मी तर उत्तर दिलंच नाही."

"तेच तर! चांगलं काही असतं तर त्या माणसाने लिहिलं नसतं का, म्हणते. ल्यूक माझ्याबद्दल वाईट बोलून गेला, म्हणून तो गप्प. आर्मीत गेला तेव्हा ही त्याच्याशी महिनाभर बोलली नव्हती ना, तेच धरून बसलीय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय बोलला ते सांगा असं नाही म्हणत मी," रॉक म्हणाले. "मी पण चर्चमध्येच वाढलोय, मला कळतं. पण तिला काहीतरी लिहा. खोटं लिहिलंत तरी चालेल."

"खोटं नाही लिहिता येणार."

"मग खरं लिहा!" ते एकदम ओरडले. मग हळू आवाजात, "पण लिहा हो, फादर."

संध्याकाळी सुहासिनी चहा घेऊन आली तेव्हा टेबलावर पुन्हा तीच पुस्तकं उघडी होती.

"अहो, त्यात ल्यूक सापडणार आहे का?"

"जे माहीत आहे ते सांगता येत नाही गं."

"सगळंच? एकांतातलं सोडा. चारचौघांत कधी त्याला पाहिलंच नाही का तुम्ही?"

ती कप ठेवून गेली. मी मात्र बसून राहिलो, कारण मी त्याला पाहिलं होतं.

तो गेला त्याच्या आधीच्या रविवारची गोष्ट. उपासना गाड्यांच्या शेडमध्ये होती, सगळ्या तुकडीसमोर. आमच्या प्रभुभोजनाला कॅथलिक पोरं भाकर घेत नाहीत. रांगेत येतात, दोन्ही हात छातीवर दुमडतात आणि मान खाली घालतात. म्हणजे पाळकाने नुसता आशीर्वाद द्यायचा. ल्यूक तसा आला. का कोण जाणे, त्याच्या डोक्यावर हात ठेवून मी आशीर्वाद मराठीत म्हटला.

खाली मान घालूनच तो हसला. इंग्रजीत म्हणाला, "मम्मी चिडली की मराठीत बोलते, अगदी असाच आवाज येतो."

मग तो हललाच नाही. मागचा सार्जंट कुजबुजला, "मेट, रांग थांबलीय." ल्यूकने ऐकलं नाही. सैन्यात चॅप्लनला पाद्रे म्हणतात. तो म्हणाला, "वन्स मोअर, पाद्रे." मी पुन्हा तेच शब्द म्हटले. या वेळी तो हसला नाही. शब्द संपल्यावरही त्याने डोकं माझ्या हाताखाली तसंच ठेवलं, आणि मग बाजूला झाला.

हे सगळ्यांसमोर घडलं होतं. यावर कसलंही वचन नव्हतं. हे आईला सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी सगळ्यालाच एक कुलूप लावून टाकलं होतं, आणि तिकडे एक बाई माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावत म्हातारी होत होती. त्याने दुसऱ्यांदा का मागितलं, हे मी त्याला त्या दिवशी विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं, हे मला आता दिसतं.

पत्राचे पाच-सहा खर्डे झाले. मराठीत लिहायची सवय गेली आहे. प्रत्येक वाक्य प्रवचनासारखं होई आणि मी ते खोडे. शेवटी जे घडलं तेवढंच लिहिलं: शेड, रांग, दुमडलेले हात, तुमच्या आवाजाबद्दल तो जे म्हणाला ते, आणि पुन्हा मागितलेला आशीर्वाद. लिहिलं, की तुमच्या बाकीच्या प्रश्नांना मला हो किंवा नाही म्हणता येत नाही, कुणाच्याच बाबतीत म्हणता येत नाही. माझ्या गप्प राहण्यात तुमच्याविषयी काहीही नव्हतं, तो दोष माझा. ल्यूक कोणत्या अंधारात होता ते मी इतक्या जवळ असून ओळखलं नाही, हेही लिहिलं. मिस्साला जा असं लिहिलं नाही. तो अधिकार मी गमावला आहे असं वाटलं.

आज दुपारी सुहासिनीने गाडी पोस्टापर्यंत नेली. मी पाकीट लाल पेटीच्या फटीत धरलं, सोडलं, आणि ते आत पडल्याबरोबर आठवलं की क्षमा मी अगदी शेवटच्या ओळीत मागितली आहे. ती सुरुवातीला हवी होती. मी फटीत बोटं घातली. ती पोचली नाहीत.

"गेलं का?" सुहासिनीने काच खाली करून विचारलं.

"गेलं," मी म्हणालो.