गार चुलीचा दिवस

कणकेच्या पाकोळ्या, म्हणजे इवली पाखरं, करण्यात माझ्या सासूबाईंचा, लिएनझींचा, हात धरणारं म्येनशान डोंगराच्या पायथ्याला कुणी नाही. हे मी सून असून सांगते, म्हणजे बघा! चिमूटभर कणकेवर कंगवा दाबला की पिसं, तिरफळाच्या दोन काळ्या बिया टोचल्या की डोळे. उकडून काटेरी फांदीवर बसवल्या की दारावरून जाणारा थांबतोच.

सरकारच्या मानाच्या कारागिरांच्या यादीत त्यांचं नाव यावं म्हणून तीन वर्षं मी अर्ज करत होते. त्यांचं एकच पालुपद, "मागून घेतला तर तो मान कसला?"

यंदा अखेर तालुक्याहून फान साहेब कॅमेरा घेऊन आले. आले ते नेमके गार जेवणाच्या सणाला! त्या दिवशी आमच्या गावात चूल पेटत नाही. पाकोळ्या आदल्या दिवशीच उकडून ठेवलेल्या असतात.

"आजी, झकास!" साहेब म्हणाले. "आता तेवढी चूल पेटवा. वाफेतून पाकोळ्या काढताना दिसायला हव्यात, नाहीतर वर मंजूर होत नाही."

"उद्या या. हवी तेवढी वाफ काढते."

"यादी आज बंद होतेय हो! दहा मिनिटांचं तर काम."

तीन वर्षांची धावपळ दहा मिनिटांसाठी पाण्यात जाणार? मी काड्यापेटी उचलली. "आई, तुम्ही अंगणात बसा. दोष लागला तर मला लागू दे."

"शुचिन, ठेव ती."

आवाज चढला नव्हता, पण मी ठेवली.

सासूबाई साहेबांकडे वळल्या. "हा सण कुणाचा, ठाऊक आहे ना?"

"काय आजी, शाळेतलं पोरगंही सांगेल. जिए झीतुईचा. राजपुत्र परागंदा होऊन उपाशी हिंडत होता, तेव्हा यानं स्वतःच्या मांडीचं मांस शिजवून त्याला जगवलं."

"पुढं?"

"राजपुत्र राजा झाला, सगळ्यांना बक्षिसं वाटली, यालाच विसरला. यानंही मागितलं नाही. आईला घेऊन या डोंगरात येऊन राहिला." साहेब घड्याळ बघत भराभर सांगत होते. "राजाला उशिरा आठवण झाली. स्वतः आला, पण हा काही खाली उतरेना. मग त्याला बाहेर काढायला राजानं डोंगर..."

"बोला की."

"पेटवला."

"बक्षीस द्यायलाच ना? मायलेक दोघं जळून गेले. म्हणून आज चूल गार. आणि तुम्ही मला सांगता, बक्षीस हवं तर पेटव!"

साहेबांनी कॅमेरा पिशवीत घातला. सासूबाईंनी त्यांना बसवून गार शेवया वाढल्या, निघताना हातावर एक पाकोळी ठेवली. एरवी एक बारीकशी मागितली तरी हात आखडणाऱ्या या बाईनं त्यांना सगळ्यात मोठी दिली.

यादी लागली. नाव नदीपलीकडच्या गावातल्या बाईचं होतं. आठवड्याच्या बाजारात एकीनं मला मुद्दाम चारचौघींत टोमणा मारला, "काय गं, सासूचं नाव गळलं म्हणे?"

तीन वर्षं अर्ज लिहिणारी मीच. पण मी मान ताठ केली.

"गळलं नाही," मी म्हटलं. "आम्ही चूल पेटवली नाही."