काटा साठवर होता

नायलॉनचा स्वेटर! विदोसावाने म्हणे आत नायलॉनचा स्वेटर घातला होता, त्यातून ठिणगी उडाली आणि दारू भरायच्या खोलीत स्फोट होऊन ती गेली. कागदावर तसं लिहून कारखान्याचा इंजिनियर तिहोमीर माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. वर माझीच कॉफी पीत होता मेला.

"रोसांदाताई, तुम्ही तिच्या शेजारी काम करायचात. इथे सही करा, म्हणजे चौकशी संपली."

"तिने माझ्यासमोर कपडे बदलले, तिहोमीर. सगळे सुती. सोळा वर्षं आम्ही एकाच बाकावर बूट काढले."

"बरं. मग ओलाव्याच्या वहीत अक्षर कुणाचं, ते पोलीस विचारतील," तो हळूच म्हणाला.

अक्षर माझं होतं.

विमानं पाडणाऱ्या तोफांचा गोळा ज्या टोपणाने पेटतो, त्या टोपणांत दारू भरतो आम्ही. ती दारू कोरड्या हवेत नुसत्या स्पर्शानेही पेटते, म्हणून खोलीत ओलावा लागतो. भिंतीवरच्या ओलावा मोजायच्या यंत्राचा काटा साठ टक्क्यांच्या खाली आला की काम बंद, जमिनीवर पाणी मारायचं. आमचा काटा दोन हिवाळे साठवर अडकून बसला होता. नवा मागितला, तर हाच तिहोमीर म्हणाला, "साठ दाखवतोय ना? मग साठ लिहा." आणि मी लिहिलं. रोज सकाळी, न बघता, साठ. जानेवारीत कोशावा, आमच्याकडचा कोरडा बोचरा वारा, सुटला, ओठ फुटले, टोपी काढली की केस ताडताड उभे राहायचे. आम्ही हसायचो! "विदा, आज तुझ्या केसांच्या ठिणगीनेच तोफ उडेल," असं मीच म्हणाले होते. मोठी ऑर्डर होती, कुणाला थांबायचं नव्हतं. स्फोटाच्या दिवशीही मी साठच लिहिलं.

विदा गेल्यापासून चाळीसाव्या दिवशी, शनिवारी, आम्ही तिच्या कबरीशी जमलो. तिची आई, स्तामेनामावशी, साखर-अक्रोड घालून शिजवलेल्या गव्हाचं ताट घेऊन उभ्या होत्या. प्रत्येकाने चमचाभर खायचं आणि म्हणायचं, "देव तिला क्षमा करो." आमच्याकडे हीच रीत. कारखान्याकडून भलंमोठं पुष्पचक्र घेऊन तिहोमीरही आला. टाय लावून! त्याने चमचा तोंडात घातला आणि मान खाली घालून म्हणाला, "देव तिला क्षमा करो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"तिला कशाची क्षमा रे? काय केलं तिने?"

"ताई, लोक बघताहेत..."

"बघू देत! परेडमध्ये तोफा निघतात तेव्हा टाळ्या वाजवायला बरे जमतात सगळे. त्या तोफांचं पोट भरताना मेली ही. आणि तू तिच्या अंगावर नायलॉन चढवतोस? मेलेल्या बाईचे कपडे बदलतोस, लाज नाही वाटत?"

"तुम्ही स्वतःवरच संकट ओढवून घेताय."

"घेते! मला काय तुझी भीती आहे?"

भीती होती. तरी मी मावशींकडे वळले.

"मावशी, स्वेटर-बिटर सगळं खोटं. हवा कोरडी होती. काटा बिघडलेला होता, सगळ्यांना ठाऊक होतं. याने लिहायला सांगितलं आणि मी लिहीत गेले. त्या सकाळीही मीच लिहिलं."

मला वाटलं, त्या मला जवळ घेतील. खरं सांगितलं म्हणून तरी. त्यांनी आधी तिहोमीरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोघांकडे सारख्याच नजरेने. पुष्पचक्र त्यांनी पायाने बाजूला सारलं आणि माझ्या हातातला भरलेला चमचा काढून घेतला.

"हे मला काय सांगतेस? त्या चौकशीवाल्यांना सांग, सही करून. तोवर माझ्या पोरीच्या नावाचा दाणा तुझ्या तोंडात जायचा नाही."

रडायचासुद्धा हक्क नव्हता मला तिथे. मी तशीच उपाशी, जबानीवर सही करायला, पोलीस चौकीकडे निघाले.