पन्नास ग्रॅमचे वजन

"ते वजन आधी उचलायला सांगा हिला," समोरचा माणूस पंचाला म्हणाला. तिच्याकडे त्याने पाहिलेही नाही.

समोरचा माणूस म्हणजे तिचा पूर्वीचा नवरा. पोकरच्या या स्पर्धेत सव्वातीनशे खेळाडू गारद होऊन टेबलाशी आता हे दोघेच उरले होते. बावीस वर्षांच्या कारकिर्दीत तिने सहा देशांतल्या स्पर्धा जिंकल्या होत्या. बायकांत तिच्या तोडीचे कोणी नाही, हे तिचे वैरीही मान्य करीत. हा एक कप मात्र तिला कधी मिळाला नव्हता. तो दोनदा पटकावलेला हा गृहस्थ मुलाखतीगणिक न चुकता सांगे, की हिला पत्ते धरायला मी शिकवले. आज तो हरला, तर त्याचे हे पालुपद कायमचे बंद पडणार होते. कप तिला हवा होता तो एवढ्याचसाठी.

वजन पितळेचे, पन्नास ग्रॅमचे. वडिलांचे दुकान मोडले तेव्हा तराजू भावाने घेतला आणि 'जुगारणीला एवढं पुरे' म्हणत हे तिच्यापुढे भिरकावले. तेव्हापासून आपल्या दोन पालथ्या पत्त्यांवर ती ते ठेवी. डाव सोडायचा असला की मुकाट्याने उचलून घेई. तोंडाने कधी बोलत नसे.

त्याचा आक्षेप असा, की पत्त्यांवर ठेवायच्या वस्तूचे जे माप ठरले आहे, त्याहून हे वजन मोठे आहे. पंचाने पट्टी लावली. दोन मिलिमीटर जास्त भरले. अकरा वर्षे याच दालनात, तुमच्या देखत ते चालले, असे तिने बजावले; त्यावर, तक्रार आजच आली, असे पंचाचे उत्तर.

"अहो, पितळेची एवढी धास्ती घेतलीत?" तिने विचारले.

"धास्ती कसली? नियम म्हणजे नियम. संसारात तुला जमलं नाही, इथे तरी पाळ."

प्रेक्षकांत कोणी फिसकन हसले. तिने वजन पर्समध्ये टाकले आणि पत्त्यांवर डावा तळहात ठेवून खेळू लागली.

दुपारी चारच्या सुमारास तिच्या हाती दोन एक्के आले. तिसरा टेबलावरच्या सामायिक पत्त्यांत उघडला. डाव चढत गेला आणि पणाला लावायच्या तिच्या निम्म्याहून अधिक चिप्स मध्ये जमल्या. शेवटचा पत्ता पडताच नवऱ्याने आपला सगळा ढीग पुढे लोटला आणि डावा कान चोळला. उशिरा घरी येऊन तो कारणे सांगू लागे, तेव्हाही हाच कान चोळी. त्याच्या हाती काही नाही, हे तिने तत्क्षणी ओळखले. 'खेळते' एवढा एकच शब्द उच्चारायचा उरला होता. तो उच्चारण्यापूर्वी तिने नेहमीच्या सवयीने चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी पुसू लागली.

पत्ते वाटणारा दालनातला सर्वांत जुना माणूस. बाईंच्या पत्त्यांवर वजन नाही म्हणजे बाईंनी डाव सोडला, हे अकरा वर्षांत त्याच्या हातांनाच पाठ झाले होते. हात आपसूक पुढे आला, आणि ते दोन पत्ते टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात मिसळून गेले.

तिने चष्मा चढवला तेव्हा समोर नुसते हिरवे कापड होते.

"बाई, वजन नव्हतं, म्हणून मला वाटलं..." पत्ते वाटणारा म्हणाला.

पत्ते सांभाळणे ही खेळाडूची जबाबदारी, असा निर्णय पंचाने दिला. तिच्या उरलेल्या चिप्स तासाभरात गेल्या.

दुसऱ्या क्रमांकाच्या बक्षिसाच्या कागदावर सही करायला ती दाराजवळच्या मेजाशी थांबली, तेव्हा कप काखोटीला मारून तो मागोमाग आला.

"त्या डावात काय होतं तुझ्याकडे?"

ती कागद वाचत राहिली.

"पत्तेवाल्याला विचारलं. तो म्हणतो, पालथेच होते. मी थाप मारत होतो, ते कळलं होतं का तुला? एवढं तरी सांग."

"कप तुम्ही न्या," ती म्हणाली. "पत्ते माझे होते."

पंख्याच्या वाऱ्याने कागद फडफडत होता. तिने पर्समधून वजन काढून त्यावर ठेवले, सही केली, आणि शाई वाळेपर्यंत ते उचलले नाही. तो कान चोळत तिथेच उभा होता.